ताक कळकतं, दूध कळकत नाही

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवायचं नाही. नव्या सुनेला सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात जे नियम ऐकायला मिळत, त्यांत हा एक असे आणि त्याला अपवाद नसे. चिंच घातलेली आमटी, आमसुलाचं सार, कढी, दह्यातली कोशिंबीर, कैरीचा मेथांबा, यांतलं काहीही बिनकल्हईच्या तांब्या-पितळेला लागता कामा नये. लागलंच तर थोड्या वेळात त्याला हिरवट झाक येई आणि जिभेवर तुरट, कडवट चरचर उमटे. न कळत कोणी ते पोटभर खाल्लं तर मळमळ आणि उलट्या ठरलेल्या. "कळकलंय ते, ओतून टाक," एवढं सासूबाईंनी म्हटलं की विषय संपला. कितीही गरिबी असली तरी कळकलेलं अन्न पानात पडत नसे.

घरातलं विष ओळखण्याची आणि थोपवण्याची ही एक पुरती व्यवस्था होती. जीभ आणि डोळे तपासणी करत, कल्हई बंदोबस्त करी, आणि गल्लीबोळांतून हाळी देत फिरणारा कल्हईवाला तो बंदोबस्त वेळोवेळी ताजा करून देई. या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या असंख्य जेवणं निर्धोक केली. तरीही एक विष तिच्या हातून निसटलं, कारण त्याला ना रंग होता ना चव. त्याचा भोग तान्ह्या मुलांच्या वाट्याला आला. अहमदनगरसारख्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरसारख्या, भांड्यांसाठी नावाजलेल्या शहराच्या इतिहासात हा भाग सहसा कोणी लिहीत नाही.

पंधराव्या शतकाच्या शेवटी अहमद निजामशहाने वसवलेलं हे शहर इंग्रजी अमदानीत दोन धंद्यांसाठी ओळखलं जाई: लुगडी-साड्यांचं विणकाम आणि तांब्या-पितळेची भांडी. सरकारी गॅझेटियरांनी नगरच्या उद्योगांमध्ये या दोहोंची नोंद आवर्जून केली आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला आणि मुंबईच्या बंदरात उतरणारे विलायती तांब्या-पितळेचे पत्रे नगरच्या कासार-तांबटांपर्यंत पोचणं सोपं झालं. पत्रा कापायचा, तापवायचा, ठोकून खोलगट करायचा, सांधे झाळायचे, आणि शेवटी लहान हातोडीने एकेक ठोका देत अंगावर मठार उठवायचा. मठारलेल्या भांड्याला ताकद येते, नुसती शोभा नव्हे. हंडा, कळशी, घंगाळ, बंब, परात, तपेलं, पातेलं, कासांडी, चरवी, ओगराळं, गडवा, फुलपात्र: एवढा सरंजाम एका बऱ्या घरात असे. तो आठवडे बाजारात आणि जत्रांतून जिल्हाभर पसरे.

हा सरंजाम सगळ्यांच्या नशिबी नव्हता. नगर जिल्हा मुळात पर्जन्यछायेतला. ज्या घरात बाजरीच्या भाकरीवर कोरड्यास मिळणं मुश्कील, तिथे गाडगी-मडकी आणि पुढे ॲल्युमिनियमची भांडी असत. त्या ॲल्युमिनियमला गावाकडे अजूनही 'जर्मन' म्हणतात. पितळ हे ऐपतीचं लक्षण होतं. मुलीच्या लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालून घेत, म्हणजे पुढच्या तीन पिढ्या ते कोणाकडून आलं हे वाचता यावं. अडीअडचणीला हेच पितळ घराची पुंजी ठरे. १८७६-७७ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९७२ च्या दुष्काळात अशी कितीतरी भांडी गहाण पडली किंवा मोडीत गेली. मोडीला भाव असतो, मातीच्या मडक्याला नसतो. पुढे जे घडलं ते समजायला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण पितळेतून येणारं विष हे खात्यापित्या घरांचं विष होतं.

याच जिल्ह्यात शिर्डीला साईबाबा स्वतः चूल पेटवून फकिरांसाठी आणि भुकेल्यांसाठी अन्न शिजवत. त्यांच्या दोन हंड्या होत्या. एकीत सुमारे पन्नास माणसांचं, दुसरीत शंभरेक माणसांचं अन्न होई. त्या हंड्या भाविक आजही पाहतात. सामुदायिक जेवणाची मोठी भांडी म्हणजे तांबं किंवा पितळ, हे तेव्हा इतकं गृहीत होतं की वेगळा पर्यायच कोणाच्या मनात येत नसे. तांबं लवकर आणि सगळीकडून सारखं तापतं, तळ लागत नाही, आणि चेपलं तर पुन्हा ठोकून सरळ होतं. अडचण एवढीच की आंबट पदार्थात ते विरघळतं.

त्यावरचा इलाज म्हणजे कल्हई. ती घालताना ज्याने पाहिली आहे, त्याला सांगायची गरज नाही. पण आता तो देखावा दुर्मीळ झाल्यामुळे सांगितलेलं बरं. कल्हईवाला वडाच्या किंवा पिंपळाच्या सावलीत जमिनीत लहानसा खड्डा करून भट्टी मांडी. चामड्याचा भाता लावी, पुढच्या काळात हाताने फिरवायचा पंखा आला. आधी भांडं घासायचं. मोठ्या पातेल्यात वाळू आणि काथ्या टाकून त्याच्याबरोबरचा पोरगा आत उभा राही आणि भिंतीचा आधार घेऊन कंबर हलवत पायांनी आतला भाग लख्ख करी. मग सांडशीत धरलेलं भांडं निखाऱ्यावर फिरवायचं. ते पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायची. भसकन पांढरा धूर उठे आणि नाकात झोंबे. त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवायची, ती लोण्यासारखी वितळे, आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील एका फिरकीत सगळीकडे पसरायचं. लालसर-पिवळं भांडं आतून चांदीसारखं होई. लगेच पाण्यात बुडवलं की चुर्र आवाज येई आणि काम झालं.

यामागचं शास्त्र नेमकं आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं जवळजवळ १०८५ अंशांना. म्हणून भांड्याला धक्का न लावता त्यावर कथलाचा पातळ थर चढवता येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारं आम्ल तांब्यावरचा गंज खाऊन टाकतं आणि स्वच्छ धातूवर कथील घट्ट बसतं. एके काळी हा नवसागर कर्नाल भागातल्या विटांच्या भट्ट्यांतून देशभर जाई. कथील आंबटाला फारशी दाद देत नाही आणि पोटात गेलं तरी तांब्याच्या मानाने निरुपद्रवी. स्वयंपाकघरात भांड्याचा तळ पिवळा दिसू लागला की कल्हई उडाली असं समजायचं. दिवाळीआधी किंवा घरात लग्न निघालं की भांडी बाहेर निघत आणि कल्हईवाल्याला निरोप जाई. पाण्याच्या हंड्या-कळशांना मात्र आतून कल्हई नसे, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. साध्या पाण्यात तांबं अगदी थोडं उतरतं. पुढे २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले अतिसाराचे जंतू मरतात आणि त्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या बरंच आत राहतं.

कल्हईवाले बहुधा मुसलमान, परंपरेने हाच धंदा करणारे. नवसागराचा धूर आणि भांडी घासायचं तेजाब वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत जाई. त्यांच्या तब्येतीची नोंद कोणी ठेवली नाही, आणि हे शल्य मोठं आहे, कारण दुसऱ्यांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून ही माणसं स्वतः ते हुंगत होती. शिवाय त्यांचा कच्चा माल परमुलखातला. हिंदुस्थानात कथील जवळजवळ निघतच नाही. ते मलायातून येई. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि जगातला सर्वांत मोठा कथलाचा साठा एकाएकी शत्रूच्या हाती गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद बंदिवान झाले, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वर्षी एक महत्त्वाचा धातू दुर्मीळ झाला होता, हे ध्यानात राहत नाही.

कथील महाग झालं की शिशाचा मोह होतो. शिसं स्वस्त, दिसायला तसंच चकचकीत, आणि भेसळ केली तर काम उलट सोपं होतं: कथील-शिशाचं ठरावीक मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं आणि भराभर पसरतं. म्हणजे भेसळ करणाऱ्याचे पैसे वाचतात आणि मेहनतही. गिऱ्हाइकाला तेव्हा काहीच कळत नाही. पण शिसं हे तांब्याहून कितीतरी घातकी. ते हाडांत साठतं, रक्त कमी करतं, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. त्याला चवही नसते. असलीच तर किंचित गोडसर. तांब्यापासून वाचवायला घातलेली कल्हई अशी कधीकधी दुसरंच विष घरात आणी.

सरकारचं लक्ष या सगळ्याकडे फारसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आयझिडोर बर्नाडॉट लायन यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांच्या टेबलावर येई तो सोमल, धोतरा, अफू, कण्हेर, बचनाग, मोरचूद, म्हणजे कोणीतरी कोणाला तरी घातलेलं विष किंवा स्वतः घेतलेलं. १९०४ साली विषांचा कायदा झाला, १९१९ साली तो नव्याने झाला, आणि त्याचा मुख्य रोख सोमलाच्या विक्रीवर होता. कायद्याची नजर दुकानावर होती. रोजच्या पातेल्यातून थेंबाथेंबाने उतरणारं विष न्यायालयात येत नाही, म्हणून ते नोंदीतही येत नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत, नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी वापरायला खाद्यविक्रेत्यांना मनाई झाली. ती हॉटेलांना लागू होती. घराच्या चुलीपर्यंत ती कशी पोचणार?

घराच्या चुलीपर्यंत पोचत होतं ते शास्त्र आणि रूढी. वैद्यकाला तांब्याचं विष चांगलं ठाऊक होतं. रसशास्त्राने अशुद्ध तांब्याला विषाहून वाईट ठरवलं आहे आणि वांती, भ्रम, दाह अशा त्याच्या आठ दोषांची यादी दिली आहे. म्हणूनच ताम्रभस्म करण्याआधी इतकी शुद्धी सांगितली आहे. नगरला वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली सुरू केलेल्या आयुर्वेद महाविद्यालयात हेच रसशास्त्र शिकवलं जाई. धर्मशास्त्र त्याच्याही पुढे गेलं होतं. तांब्याच्या भांड्यातला मध मद्यासमान समजावा आणि तूप वगळता तांब्यात ठेवलेलं गाईचं दूध-दहीही तसंच समजावं, असा जुना निषेध आहे. तूप वगळलं आहे, हे विशेष, कारण दुधातले जे घटक तांबं धरून ठेवतात ते तुपात उरतच नाहीत. कोणत्या निरीक्षणातून हा नियम आला, ते सांगता येणार नाही. नियम मात्र बरोबर होता.

फक्त तो तांब्याबद्दल होता. पितळेबद्दल नव्हता.

पितळ पिवळं दिसतं, त्याला नावही वेगळं, आणि देवघरातला त्याचा मानही वेगळा. पण पितळेत साठ-सत्तर टक्के तांबंच असतं, उरलेलं जस्त. घरोघरी दूध तापवायला पितळेचं पातेलं असे, दूध काढायला आणि साठवायला पितळेची चरवी-कासांडी. दूध आंबट नाही, म्हणून कल्हई उडाली तरी कोणी घाई करत नसे. ताकाच्या भांड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी बाई दुधाच्या भांड्याबद्दल निश्चिंत होती. तिने निश्चिंत असू नये असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता त्या आजाराकडे यावं. १८८७ साली कलकत्त्यात त्याची पहिली वैद्यकीय नोंद झाली. वर्ष-दोन वर्षांचं, बाळसं धरलेलं मूल हळूहळू किरकिरं होतं. पोट फुगतं. हात लावला तर बरगडीखाली यकृत लागतं, दगडासारखं कठीण आणि कडेला धारदार. मग कावीळ, मग पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं वर्षभरात जात. इंग्रजीतून नाव आलं ते 'भारतीय बालयकृतकाठिण्य' अशा अर्थाचं, जणू तो या देशाचाच शाप होता. घरातली माणसं एवढंच म्हणत, "लिव्हर झालं." मद्रासचं 'जम्मीज लिव्हर क्युअर' देशभर नावाजलं ते याच आजाराच्या धास्तीने. एकाच घरात एकामागून एक दोन भावंडं जात. त्यामुळे घराण्याचा दोष, दृष्ट, करणी अशी कारणं शोधली जात आणि बहुधा बोट त्या मुलांच्या आईकडेच रोखलं जाई. डॉक्टरांनाही काही विचित्र गोष्टी दिसत होत्या. आजार खेड्यापाड्यांतल्या मध्यम स्थितीतल्या हिंदू कुटुंबांत जास्त होता. अगदी गरिबांत कमी, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत क्वचित.

या कोड्याचा मोठा भाग नगरपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत, पुण्याच्या केईएम रुग्णालयात उलगडला. डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर बरीच वर्षं या मुलांचा अभ्यास केला. १९७९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधाने दाखवलं की या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो. निरोगी यकृतात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत. इथे ते शेकड्यांनी, कित्येकदा हजारापलीकडे. १९८३ साली त्याच नियतकालिकात पुढचा निबंध आला, आणि त्यात थेट पातेल्याकडे निर्देश होता: अंगावरच्या दुधाऐवजी फार लवकर सुरू केलेलं, पितळेच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं गाई-म्हशीचं दूध. १९८७ साली त्यांनी आजारी मुलांच्या आणि तशाच निरोगी मुलांच्या आहाराचा इतिहास शेजारी ठेवून तुलना प्रसिद्ध केली. पितळेचं भांडं पुन्हा समोर आलं.

डॉक्टरांनी आयांना विचारलेले प्रश्न आज वाचताना साधे वाटतात. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवता? किती वेळ त्याच भांड्यात राहतं? या प्रश्नांची उत्तरं शंभर वर्षं प्रत्येक घरात तयार होती. विचारणारं कोणी नव्हतं.

दूध कळकलेलं का कळत नाही, याचं उत्तर दुधातल्या केसीन या प्रथिनात आहे. ताकातलं आम्ल तांबं ओढून घेतं आणि ते सुटं राहतं; म्हणून ते जिभेला झोंबतं, रंग देतं आणि पोटात जाताच उलटी घडवतं. उलटी हे शरीराने केलेलं संरक्षणच. दुधात उतरलेलं तांबं मात्र केसीन घट्ट पकडून ठेवतं. रंग बदलत नाही, चव बदलत नाही, उलटी होत नाही. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाचं यकृत आधीच आईकडून आलेल्या तांब्याने भरलेलं असतं आणि ते बाहेर टाकायची त्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते. त्यात दिवसातून चार-पाच वेळा हेच दूध. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं, म्हणून अंगावर पिणारं मूल त्याच घरात, त्याच भांड्यांच्या गराड्यात सुरक्षित राही.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. पितळेचं दूध पिणाऱ्या सगळ्याच मुलांना आजार होत नव्हता आणि काही मुलांच्या घरी पितळ नव्हतं, हे काही बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं. मुलाच्या प्रकृतीतच काही उणं असावं आणि जादा तांब्याने ते उघडं पडत असावं, असा कौल आता बहुतेक जण देतात. या मताला युरोपातून आधार मिळाला. ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांताच्या डोंगराळ खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच यकृताच्या आजाराने गेली होती, हे १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवत. भांडी बदलली आणि आजार गेला. भारताच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार भांड्याचा होता, भूमीचा नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरांनी पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध लवकर सुरू करून काही मुलं वाचवली. पण आजार मुळातून हटला तो त्याआधीच सुरू झालेल्या एका वेगळ्या बदलामुळे. १९६० नंतर, विशेषतः १९७०च्या दशकात, स्टेनलेस स्टील घरोघर आलं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारात बसून घासाघीस करी आणि दोन साड्या व एका पँटीवर स्टीलचं पातेलं देऊन जाई. नगर जिल्ह्यात याच काळात पैसाही खेळू लागला होता. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. पाठोपाठ आणखी कारखाने आले, दूध संघ आले. हातात पैसा आलेल्या बाईला स्टील हवं होतं. ते घासायला सोपं, हलकं, आणि त्याला कल्हई लागत नाही. पितळ मोडीत गेलं. १९९०च्या दशकात पुण्याच्या वॉर्डात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ज्या बायकांनी पितळ मोडीत काढलं त्यांनी ते मुलाच्या यकृतासाठी नव्हतं काढलं. त्यांच्या हातून किती मुलं वाचली, हे त्यांना कधी कळलंही नाही.

कल्हईवाल्यांची हाळी याच लाटेत थांबली. तांबं मात्र जिल्ह्यातून गेलं नाही. ते शेतात गेलं. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. १८८५ साली फ्रान्सच्या मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी वापरात आणलेलं बोर्डो मिश्रण आज राहाता-संगमनेरच्या डाळिंबबागांतही फवारलं जातं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. ते धातूच्या भांड्यात करायचं नाही. झाल्यावर त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं सुटं आहे, चुना कमी पडलाय, आणखी निवळी घालायची. स्वयंपाकघरात जीभ जे करी ते इथे विळा करतो.

बाकीच्या फवाऱ्यांना अशी चाचणी नाही. १९५८ साली केरळात जहाजावर पॅराथिऑन सांडून धान्य-पीठ दूषित झालं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतरच्या चौकशांमधून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बाटलीवरच्या चौकटीतला रंगीत त्रिकोण ही या कायद्याची देणगी: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून केलेली ही खूण एकाच गोष्टीने निकामी होते. उरलेलं औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं की त्रिकोणही गेला आणि इशाराही गेला. रॉकेलचं तेच, तेजाबाचं तेच. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात. त्या ठेवलेल्या खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कोणी चुकून काही प्यालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याची जुनी रीत सोडून द्यायला हवी, कारण रॉकेल आणि तेजाब उलटीवाटे येताना दुसऱ्यांदा जाळतात. मूळ बाटली घेऊन दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देतं.

गेल्या काही वर्षांत पितळ-तांबं परत आलं आहे. आजीचं पातेलं माळ्यावरून उतरतं, दुकानांत मठारलेल्या कढया मांडलेल्या असतात, तांब्याच्या बाटल्या भेट दिल्या जातात. त्यात वाईट काही नाही. हे कसब टिकावं असंच आहे. पण भांडं परत आलं आणि त्याबरोबरचे नियम आले नाहीत. तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळून नेणारी माणसं दिसतात. परदेशी स्थायिक झालेली घरंही अशी भांडी सामानातून नेतात, आणि तिथे नवीच बाजू पुढे आली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या तपासनिसांना २०२२ च्या सुमारास अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढताना घरातली ॲल्युमिनियमची पातेली सापडली. २०२५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं उतरतं, असा इशारा दिला. भंगार वितळवून केलेल्या धातूत काय काय मिसळलं आहे, हे रंगावरून ओळखता येत नाही.

ज्याच्या घरी जुनं पितळेचं पातेलं आहे त्याने ते टाकून देण्याचं कारण नाही. कल्हई शाबूत असेल तर त्यात वरण-भात शिजवावा. दूध, दही, ताक आणि आंबट पदार्थ स्टीलमध्ये ठेवावेत, आणि बाळाचं दूध तर पितळेत तापवूच नये, कल्हई असो वा नसो. कल्हई करून घेताना कथलाची कांडी मागून पाहावी. शुद्ध कथील वाकवलं की आतून कर्र आवाज येतो आणि कागदावर ओढलं तर खूण उठत नाही. शिसं कागदावर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ ओढतं. भेसळ थोडी असेल तर ही चाचणीही फसते. तेव्हा धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत भांडं क्ष-किरण यंत्राखाली धरून घ्यावं. सराफ सोन्याची शुद्धता पाहतात ते यंत्र याच तत्त्वावर चालतं आणि भांड्याला ओरखडाही पाडत नाही.